मारकी पटाशी

मित्रांनो, मी एक जुनी पटाशी आहे. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा प्रेमळ असतात. फाटकी छत्री म्हणते, मला जपा. शाळेतला बाक म्हणतो, माझ्यावर नावं कोरू नका. मी तशी नाही. मला तुमच्यापैकी बहुतेक जण आवडत नाहीत, आणि कोरणं हा तर माझा धंदाच आहे. तरीही मी बोलते आहे, कारण मी गप्प राहिले त्याचा परिणाम एका चांगल्या बाईच्या हाताला भोगावा लागला.

माझा जन्म पळसदेवच्या भिमा लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका ट्रकच्या चाकावरचा पोलादी पाटा होते आणि कित्येक वर्षं माझ्या डोक्यावरून ऊस जात होता. एका खड्ड्यात माझे दोन तुकडे झाले. भिमानं एका तुकड्याचा कोयता केला आणि दुसऱ्याची मी. कोयता परत उसातच गेला. मी सुटले.

भिमानं मला लालभडक होईपर्यंत तापवलं, बडवलं, पुन्हा तापवलं, पुन्हा बडवलं आणि मग एकदम गार पाण्यात बुडवलं. याला लोहार पाणी पाजणं म्हणतात. ज्याला आयुष्यातलं पहिलं पाणी अशा रीतीनं पाजलं जातं, त्याच्याकडून गोड स्वभावाची अपेक्षा ठेवू नये.

मला नेलं जोतीराम सुतारांनी. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी मला बाभळीची मूठ बसवली, मूठ चिरू नये म्हणून तिला लोखंडी शेंबी घातली आणि मला कामाला लावलं. तात्या उजनीच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांना लाकडी होड्या करून देत. फळ्यांच्या खाचा मी पाडायची, आणि होडी पुरी झाली की तिच्या नाकावर एक लहानसा मासा कोरायची. त्या माशाला खवलं असत. लोक यायचे, माशावरून बोट फिरवायचे आणि तात्यांना म्हणायचे, काय हात आहे तुमचा. हात. मित्रांनो, मासा मी कोरला होता. पण मी ते मनावर घेतलं नाही. फक्त लक्षात ठेवलं.

तात्यांची एक सवय मात्र मला मनापासून आवडायची. रोज सकाळी चहाच्या आधी ते मला पाणी टाकून दगडावर घासत. मग धार लागली का हे बघायला डाव्या हातावरचे केस माझ्यानं भादरत. केस उडाले की चहा. त्यामुळे त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत होता आणि उजवा अस्वलासारखा. नव्या माणसाला वाटायचं, यांना अर्ध्या अंगाचा काहीतरी आजार आहे. तात्या सांगत की त्यावरून त्यांची दोन स्थळं मोडली होती. तिसऱ्या वेळी ते लांब बाह्यांचा सदरा घालून गेले.

चाळीस वर्षं मी त्यांच्या हातात होते. एवढ्या काळात मी त्यांचं रक्त एकदाही पाहिलं नाही. मला त्याची उत्सुकताही नव्हती. ती पुढं आली.

मग पाण्यावर पत्र्याच्या होड्या आल्या, त्यांच्यामागून फायबरच्या आल्या. फायबरला मी काय करणार. तात्यांनी मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि घरच्यांनी त्या पेटीवर टीव्ही ठेवला. अकरा वर्षं माझ्या डोक्यावर मालिका चालू होत्या. मला आवाज यायचा, चित्र दिसायचं नाही. कोण कोणाला विष घालतंय हे शेवटपर्यंत कळायचं नाही. माझ्या स्वभावात जो काही गोडवा शिल्लक होता तो तिथं संपला.

अकरा वर्षांनी पेटी उघडली ती कुंडलिकरावांमुळे.

कुंडलिकराव भवानीनगरजवळच्या एका वस्तीवर राहतात. तीस वर्षं त्यांनी साखर कारखान्यात नोकरी केली. त्यांचं काम होतं सुरक्षेच्या पाट्या रंगवणं. ‘हेल्मेट वापरा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे’ अशा पाट्या. सेफ्टी सप्ताहात भाषणही तेच करत. स्वतः ते कुठल्या मशीनच्या वीस फुटांच्या आत कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांना कधी काही झालं नव्हतं, आणि यालाच ते अनुभव म्हणत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाईलवर लाकडाच्या कोरकामाचे व्हिडिओ पाहिले. सतरा व्हिडिओ पाहून झाल्यावर त्यांनी वस्तीच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं की यंदाच्या दसऱ्याला घरच्या देवांसाठी आपण स्वतःच्या हातानं देव्हारा कोरणार. दोन मोर, चार हत्ती, सोळा खांब. पन्नास जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आता माघार घेणं शक्य नव्हतं. मग त्यांनी सुतार शोधला, आणि मोटारसायकलवरून, डोक्यावर हेल्मेट घालून, पळसदेवला तात्यांच्या अंगणात आले. हेल्मेट त्यांनी चहा पितानाही काढलं नाही.

तात्यांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी मोबाईलवरचा देव्हारा डोळ्यांना चिकटवून पाहिला, मोर मोजले, हत्ती मोजले, आणि विचारलं की आजपर्यंत काय काय केलंय. कुंडलिकराव म्हणाले, काही नाही. तात्यांनी सुचवलं की मग आधी एक उलथनं करावं. साधं, भाकरी उलटायचं. कुंडलिकरावांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना हत्तीवरून उतरवून शेळीवर बसायला सांगितलंय.

तात्यांनी पेटी उघडली. फडकं सोडलं. मला वाटलं, आता दगड, पाणी, केस, चहा. पण त्यांनी मला त्या माणसाच्या हातात ठेवलं, बरोबर शिवणीच्या मऊ लाकडाचा एक ठोकळा दिला आणि तीन गोष्टी सांगितल्या. लाकूड खुंट्यांमध्ये पाचर मारून पक्कं करायचं, हातात धरायचं नाही. दोन्ही हात कायम धारेच्या मागं. आणि धार रोज लावायची.

“तात्या, सेफ्टीचं मला नका सांगू,” कुंडलिकराव म्हणाले. “तीस वर्सं मी लोकांना तेच सांगत आलोय.”

तात्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, “मग न्या. पर एक बोली हाय, कुंडलिकराव. ज्या दिशी ही रगत बघंल, त्या दिशी माझी मला परत.”

मित्रांनो, हे वाक्य मी नीट ऐकलं. तुम्हीही नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे. मला तात्यांच्या घरी परतायचं होतं. त्यासाठी कुंडलिकरावांचं रक्त निघणं आवश्यक होतं. जास्त नको होतं. एक थेंब. मी लोभी नाही.

कुंडलिकरावांनी घराशेजारच्या रिकाम्या गोठ्यात कारखाना थाटला. गोठ्यात पूर्वी एक गाय होती. ती दोन वर्षांपूर्वी विकली, पण तिच्यासाठी रंगवलेली पाटी भिंतीवर तशीच होती: ‘सावधान! मारकी आहे. पुढून जाऊ नये.’ अक्षर सुंदर होतं. बरोबर त्या पाटीखालच्या खिळ्यावर त्यांनी मला टांगलं. पहिल्याच दिवशी शेजारचे अप्पा डोकावले, पाटी वाचली, मला पाहिलं आणि म्हणाले, “बारकी हाय की. दूध किती देती?” तेव्हापासून माझं नाव मारकी पडलं. चाळीस वर्षं होड्या केल्या, कुणी नाव ठेवलं नव्हतं. इथं एका दिवसात ठेवलं, तेही गाईचं.

नंतर त्यांनी सुरक्षेची तयारी केली. हेल्मेट. गमबूट. वेल्डिंगचा काळा चष्मा, ज्यातून फक्त सूर्य दिसतो. विजेच्या खांबावर चढणारे वापरतात तसले जाडजूड रबरी हातमोजे. आग लागली तर वाळूच्या दोन बादल्या. धोका झाला तर वाजवायला एक भोंगा, आईस्क्रीमच्या गाडीचा असतो तसा. आणि समोर एक काळा फळा: ‘अपघाताविना दिवस’. खाली खडूनं आकडा. पहिल्या सकाळी त्यांनी शून्य लिहिलं आणि फळ्याला हार घातला.

तयारी पूर्ण झाल्यावर त्यांनी तात्यांनी दिलेला मऊ ठोकळा दाराला अडण म्हणून लावला, आणि कोरायला घेतला मोडक्या बैलगाडीचा बाभळीचा दांडा. वाळून लोखंड झालेला. कारण देव्हारा भक्कम हवा. खुंट्या नाहीत, पाचर नाही. त्यांनी तो दांडा मांडीवर आडवा घेतला, डाव्या हातानं पुढून घट्ट धरला आणि उजव्या हातानं मला त्याच्यावर हाणलं.

हा हात मी ओळखला. आमच्या भागात सगळ्यांचा हात असाच वळलेला असतो, कारण लहानपणापासून ऊस तोडलेला असतो. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता, आणि कोयता डाव्या हाताच्या दिशेनंच येतो. तिथं ते चालतं, कारण ऊस कोयत्यापुढं तुटतो. बाभूळ तुटत नाही. बाभूळ मला परत पाठवते, आणि मी परत जाताना समोर जे असेल ते घेऊन जाते.

समोर त्यांचा डावा हात होता. मला आनंद झाला.

पहिल्या दिवशी मी घसरून गमबुटात शिरले. गमबुटाचं रक्त निघत नाही. तिसऱ्या दिवशी मी उडून हेल्मेटचा पट्टा कापला. हेल्मेट खाली पडलं आणि त्यांच्याच पायावर पडलं, पण पाय गमबुटात होता. सहाव्या दिवशी मी डाव्या हातमोज्याचं पहिलं बोट टोकाशी साफ उडवलं. मी थांबून वाट पाहिली. काही आलं नाही. मोजा इतका मोठा होता की बोट टोकापर्यंत पोचलंच नव्हतं. कुंडलिकरावांनी ते रबराचं टोक उचललं, पाहिलं, आणि सेफ्टीचं महत्त्व पटल्यासारखी मान डोलावली. फळ्यावर सहा लिहिले.

तुम्ही म्हणाल, हा मूर्खपणा घरात कुणालाच दिसत नव्हता का. दिसत होता. चंद्राबाईंना दिसत होता.

चंद्राबाई कुंडलिकरावांच्या पत्नी. माहेर कऱ्हाटीचं, वडिलांच्या दावणीला कायम आठ-दहा जनावरं. त्या रोज संध्याकाळी गोठा झाडायला यायच्या आणि मला खिळ्यावरून काढून, केसांना लावायचं तेल बोटावर घेऊन पुसून ठेवायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लोखंड गंजतं एवढं त्यांना ठाऊक होतं. पुसताना त्या माझ्याशी बोलायच्या, गाईशी बोलतात तसं. म्हणायच्या, “नको बाई वंगाळ वागू. आडमुठा हाय, पर माणूस चांगला हाय.” मला हा युक्तिवाद पटला नाही. पण हे मान्य करायला हवं, की त्या गोठ्यात माझं कुणाशी बरं होतं तर ते फक्त या बाईंशी. तात्यांनंतर मला नीट हात लावणारी तीच.

कापलेला मोजा पाहिला त्या दिवशी त्या घाबरल्या. त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं की हे सोडा, देव इतकी वर्षं फळीवर आनंदात आहेत. कुंडलिकरावांनी ग्रुप दाखवला. पन्नासचे त्र्याऐंशी झाले होते.

मग चंद्राबाईंनी त्यांच्या परीनं उपाय केला. माहेरी जनावर मारकं निघालं की त्याच्या शिंगांची टोकं घासून बोथट करायचे. म्हणजे लागलं तरी घुसत नाही. जनावरही हळूहळू निवतं. त्याला गरीब झालं म्हणतात. गरीब बैल, गरीब म्हैस. लहान पोरानं शेपटी ओढली तरी काही न करणारं. चंद्राबाईंनी मला दाराच्या दगडी पायरीवर नेलं आणि उलटं धरून माझी धार घासली. शंभर वेळा. प्रेमानं.

भिमानं मला आगीत घातलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

“झाली बगा गरीब,” त्या म्हणाल्या आणि मला नवऱ्याच्या हातात दिलं. कुंडलिकरावांनी अंगठा फिरवून पाहिलं. अंगठ्याला काही झालं नाही. ते खूश झाले. तीस वर्षांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं ते मोकळेपणानं म्हणाले आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: ‘धार - निरंक.’

मित्रांनो, इथं मी बोलायला हवं होतं. धार असलेल्या पटाशीला नुसतं टेकवावं लागतं, ती आपली आपण लाकडात शिरते. बोथट पटाशी शिरत नाही. मग माणूस जोर लावतो. खांदा लावतो. सगळं अंग तिच्यावर टाकतो. आणि लाकूड घेत नाही म्हटल्यावर तो सगळा जोर घेऊन ती कुठंतरी जाते. कुठं, ते तिलाही ठाऊक नसतं. हे मला पक्कं माहीत होतं. पण मी रागावले होते, आणि मला वाटलं, आता एक थेंब काय, चांगली वाटीभर सोय होते आहे. मी गप्प बसले. तसंही मला बोलायला तोंड नाही. होतं तेवढं घासलं होतं.

बोथट झाल्यावर मी बाभळीवर नुसती नाचायला लागले. दांडा मांडीवर ठरेना. विसाव्या दिवशी तीन आठवड्यांची कमाई म्हणून एक मोराचा पाय तयार झाला होता, आणि तो पाहून अप्पांनी विचारलं की हा कोंबडा कुणाचा. कुंडलिकराव चिडले. एकविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवलं की लाकूड हलतं हाच काय तो दोष आहे. त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली.

“अगं, जरा धर हितं येऊन.”

चंद्राबाई पीठ भरल्या हातांनी आल्या. हात पदराला पुसून समोर बसल्या. दांड्याचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं. त्यांना हातमोजे नव्हते, चष्मा नव्हता, काही नव्हतं. सुरक्षेची सगळी तयारी धारेच्या मागं बसलेल्या माणसाच्या अंगावर होती. धारेच्या पुढं नुसती बाई होती.

कुंडलिकरावांनी माझ्या मुठीवर छातीचा भार दिला. मी सुटले. दांड्यावरून घसरत गेले तेव्हा मला समोर काय आहे ते दिसलं. तो पिठाचा हात मी ओळखला. मी वळायचा प्रयत्न केला. मित्रांनो, पटाशीला वळता येत नाही.

मी त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बुडात गेले. बोथट होते, त्यामुळे कापलं नाही, फाडलं. पीठ लाल झालं.

मी ज्याची एकवीस दिवस वाट पाहत होते ते असं दिसतं.

यानंतर कुंडलिकरावांनी भोंगा वाजवला. मग वाळूची बादली उचलली आणि आग नसलेल्या जमिनीवर ओतली. मग दुसरी बादली उचलली. चंद्राबाईंनी तोवर पदर फाडला, जखमेवर दाबून धरला, हात डोक्याच्या वर उभा केला आणि म्हणाल्या, “भोंगा ऱ्हाऊ द्या. गाडी काडा.”

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं. कुंडलिकरावांच्या तोंडून कसंबसं निघालं, “मारकी लागली.” डॉक्टरांनी कागदावर गाय लिहिलं. पाच टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि चौकशी केली की गाईला लस टोचली आहे का. कुंडलिकराव म्हणाले, नाही, पण रोज तेल लावतो. डॉक्टरांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. हेल्मेट अजून डोक्यावर होतं.

परत आल्यावर त्यांनी फळ्यावरचा वीसचा आकडा पुसला आणि शून्य लिहिलं. मग हारही काढला. मला उचलायला ते तयार नव्हते. मी वाळूत पडून होते. संध्याकाळी चंद्राबाई आल्या, एका हातानं मला उचललं, पुसलं, तेल लावलं. माझ्यावरचं रक्त त्यांचंच होतं. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

टाके निघाल्यावर चंद्राबाई म्हणाल्या की पळसदेवला जायचं. कुंडलिकरावांनी मुद्दा काढला की बोली रक्ताची होती खरी, पण ती माझ्या रक्ताची होती, तुझ्या रक्ताचा त्यात उल्लेख नाही. चंद्राबाई गाडीवर मागं जाऊन बसल्या. मी त्यांच्या पिशवीत होते. मला घरी जायला मिळत होतं, आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. हे मला फार अपमानास्पद वाटलं.

पळसदेवला पाणी उतरलं होतं, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला हातात घेतलं आणि अंगठ्यानं धार चाचपली. पुन्हा चाचपली. मग कधी नव्हे ते त्यांचा आवाज चढला.

“हिला आंधळं कुणी केलं?”

कुंडलिकराव आपल्या गमबुटांकडं पाहू लागले. चंद्राबाई म्हणाल्या, “मी, तात्या. गरीब केली. मारत हुती म्हणून.”

तात्यांनी त्यांच्या बांधलेल्या हातावर हात ठेवला. बोटांनी पट्टी मोजल्यासारखी चाचपली. आवाज खाली आला.

“जनावर गरीब झालं की माणसाचं ऐकतं, पोरी. हिचं उलटं हाय. हिला धार हाय तवर ही हाताचं ऐकती. धार गेली की कुणाचंच ऐकत न्हाय.”

चंद्राबाईंनी आपल्या पट्टीकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “मग तात्या, हात कुठं ठिवायचा?”

“ते मला म्हाईत हाय,” कुंडलिकराव म्हणाले.

“तुमाला म्हाईत हाय म्हणून तर पोरीला टाकं पडलं,” तात्या म्हणाले. “तिला इचारू द्या.”

मग त्यांनी दाखवलं. ओट्यासमोरच्या फळीवर चार खुंट्या होत्या. त्यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा ठेवला, पाचर ठोकली. लाकूड हललं नाही. कुणी धरलं नव्हतं. एक हात माझ्या मुठीवर, एक हात ठोकायच्या लाकडी मोगरीवर, आणि दोन्ही धारेच्या मागं. पुढं मोकळी हवा. त्यांनी चंद्राबाईंना तीनदा करायला लावलं. मग दगड आणि पाणी मागवलं.

चंद्राबाईंनी मला घासलं. उजव्या हातानं, डाव्याची चार बोटं हलकेच टेकवून, पट्टीला पाणी लागू न देता. बराच वेळ गेला. हळूहळू मला पुन्हा दिसायला लागलं. तात्या म्हणाले, आता केस भादरून बघ. चंद्राबाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं. एकाला पट्टी, दुसऱ्यात मी. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

“हात द्या.”

कुंडलिकराव जागचे हलले नाहीत.

“काडा तो मोजा,” चंद्राबाई म्हणाल्या.

मित्रांनो, कल्पना करा. ज्या माणसाच्या एका थेंबासाठी मी एकवीस दिवस टपून होते, त्याचा डावा हात माझ्यापुढं उघडा पडला होता. मोजा नाही, काही नाही. कातडीखाली हिरवी शीर उडत होती. मी पूर्ण धारेत होते. माझ्या मनात या माणसाबद्दल काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात आता पाच टाक्यांची भर पडली होती. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि भोंगा आणला नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं असावं.

चंद्राबाईंनी मला आडवं टेकवलं आणि हळूच पुढं नेलं. मी फक्त केस घेतले.

मी चांगली आहे म्हणून नव्हे. त्या बाईंच्या हातानं केस सांगितले होते, म्हणून. धारेला आलेल्या पटाशीला स्वतःचं मत राहत नाही. हे मलाही तेव्हाच कळलं.

तात्यांनी मला बोलीप्रमाणे परत घेतलं. फडक्यात गुंडाळलं. मी घरी आले होते. पेटी उघडी होती, आणि तिच्यावरून खाली काढलेल्या टीव्हीचा आवाज घरातून येत होता. कुणीतरी अजूनही कुणाला तरी विष घालत होतं. तात्यांनी पेटीत हात घातला, थांबले, हात बाहेर काढला आणि ते फडकं चंद्राबाईंच्या ओटीत ठेवलं.

“माझी मला मिळाली,” ते म्हणाले. “आता ही तुझी. यांच्या हातात दिऊ नगो.”

आता मी पुन्हा त्या गोठ्यात आहे. अंगठा भरल्यावर चंद्राबाईंनी कुंडलिकरावांकडून जमिनीत खुंट्या ठोकून घेतल्या. दाराची अडण झालेला तात्यांचा मऊ ठोकळा काढून त्याचं उलथनं केलं. दार तेव्हापासून आपटतं. उलथन्याच्या टोकाला त्यांनी एक मासा काढला आहे. तात्यांचा वाटत नाही, बटाट्याला शेपूट फुटावं तसा दिसतो. पण तो माझ्या धारेचा आहे आणि त्यासाठी कुणाला टाके पडले नाहीत. अप्पांनी विचारलं, हा काय प्राणी. चंद्राबाईंनी त्यांना त्याच उलथन्यानं भाकरी वाढली आणि अप्पा गप्प झाले. कुंडलिकरावांनी देव्हारा रद्द झाल्याचं ग्रुपवर कळवलं. एकशे दोन जणांनी हात जोडले.

चंद्राबाईंनी भिंतीवरची पाटी पुसायला सांगितली. कुंडलिकरावांनी अर्धीच पुसली. आता माझ्या डोक्यावर सुंदर अक्षरात एवढंच उरलं आहे: ‘पुढून जाऊ नये.’ तीस वर्षांत त्यांनी रंगवलेली सर्वांत खरी पाटी हीच. ते स्वतः चंद्राबाईंनी आखलेल्या खडूच्या रेघेपलीकडं बसून भुसा झाडतात, आणि रोज सकाळी चहाच्या आधी डावा हात पुढं करतात. तो आता मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत आहे. भवानीनगरच्या बाजारात लोक त्यांना हळूच विचारतात, काही आजार आहे का.

तर मित्रांनो, तुम्हीही कधीतरी हातात पटाशी घ्याल. आधी उलथनं करा, मोर नंतर. लाकूड खुंट्यांना धरू द्या, माणसाला धरायला बसवू नका. दोन्ही हात माझ्या मागं ठेवा. आणि मला रोज धार लावा. मी प्रेमळ नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. माझा राग अजून आहे. धार असेल तर तो लाकडावर निघतो. धार नसेल तर तो कुणावर निघेल, ते माझ्याही हातात नाही.